डायरेक्टर नसलेल्या ब्रिज सामन्यातले वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलमध्ये एक टेबल, आतल्या खोलीत दुसरं, आठ खेळाडू, चोवीस बोर्ड (आधीच वाटून ठेवलेले डाव) आणि डायरेक्टर (नियम लावणारा पंच) नाही. चौघांच्या संघांचे बाद फेरीतले बरेच सामने असेच होतात. खालची उत्तरं अशा सामन्यांसाठी आहेत. आधार जागतिक ब्रिज महासंघाच्या डुप्लिकेट ब्रिजच्या (तेच पत्ते दोन्ही टेबलांवर खेळून तुलना करायच्या प्रकाराच्या) नियमांच्या २०१७ च्या आवृत्तीचा आहे.

डायरेक्टरशिवाय डुप्लिकेट सामना नियमात बसतो का?

पुस्तक तर प्रत्येक चुकीनंतर 'डायरेक्टरला बोलवा' असंच सांगतं. नियम १० नुसार शिक्षा ठरवणं किंवा माफ करणं खेळाडूंच्या हातात नाही. तरीही जगभर असे सामने होतात. ब्रिटनमध्ये १९३१-३२ पासून चालणाऱ्या गोल्ड कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यासुद्धा संघ आपापसांत वेळ ठरवून खेळतात. अशा वेळी डायरेक्टरचं काम दोन्ही कॅप्टनांनी मिळून करायचं, आणि जिथे त्यांचं जमणार नाही तिथे बाहेरच्या माणसाकडे द्यायचं.

रबर ब्रिजचं नियमपुस्तक वेगळं आहे. तिथे डायरेक्टर नसतोच, म्हणून काही तरतुदीही निराळ्या आहेत. 'आम्ही क्लबात असंच करतो' हा दावा बऱ्याचदा त्या पुस्तकातून किंवा जुन्या आवृत्तीतून आलेला असतो.

सामना सुरू होण्याआधी काय ठरवावं?

पाच मिनिटं पुरतात. नियमपुस्तकाची एक प्रत टेबलावर हवी. महासंघाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, पण फोनच्या छोट्या पडद्यावर भांडणाच्या वेळी नियम २७ शोधणं जिकिरीचं होतं. छापील प्रत ठेवा आणि २३, २७, ५०, ५४, ६४, ७० या नियमांवर चिठ्ठ्या लावून ठेवा.

मग फोनवर उपलब्ध असेल असा एक जाणकार दोन्ही संघांनी मिळून निवडा. त्याला आधी विचारून ठेवा. रात्री साडेदहाला अचानक फोन गेला तर चांगला माणूसही घाईत उत्तर देतो. निवाड्याविरुद्ध दाद मागायची आणि स्कोअरमधली चूक दाखवायची मुदतही ठरवा. वेगळं काही ठरलं नसेल तर अधिकृत स्कोअर पाहायला मिळाल्यापासून ३० मिनिटं, असं पुस्तक सांगतं.

आणि बसण्याची दिशा तपासा. एकाच संघाच्या दोन्ही जोड्या दोन्ही टेबलांवर उत्तर-दक्षिण बसल्या तर ते सगळे बोर्ड तुलनेला निरुपयोगी होतात. हे मध्यंतरानंतर हमखास घडतं, चहा घेऊन परत येताना.

वाद झाला की पहिल्या मिनिटात काय करायचं?

थांबायचं. चूक लक्षात आणून दिल्यानंतर पुढची बोली नाही, पुढचा पत्ता नाही, 'बरं, मी बदलतो' असं म्हणून केलेली परस्पर दुरुस्तीही नाही. निरपराध बाजूने आपणहून पुढे खेळायला सुरुवात केली तर नियम ११ प्रमाणे तिचा भरपाईचा हक्क जाऊ शकतो.

मग आधी घटना आणि नंतर नियम. काय घडलं याबद्दल चौघांचं एकमत झाल्याशिवाय पुस्तक उघडू नका. पुस्तक आधी उघडलं की माणसं कोणतं कलम सोयीचं ते पाहून घटना आठवू लागतात. बोलीची कार्डं टेबलावर तशीच राहू द्या. खेळ सुरू झालेला असेल तर प्रत्येकाने आपले खेळलेले पत्ते क्रमाने समोर ठेवायचे. पत्ते एकत्र करून टाकले की रिव्होक (मागितलेला रंग असूनही दुसरा टाकणं) सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं, आणि तसा दावा करण्याचा हक्कही धोक्यात येतो.

नियम कोणी वाचायचा?

दोघांपैकी कोणत्याही कॅप्टनने, पण मोठ्याने आणि शब्दशः. 'याचा अर्थ असा की' हे वाक्य टाळा. ज्याला पर्याय निवडायचा आहे त्याने सगळे पर्याय ऐकल्याशिवाय काही बोलू नये.

दुसऱ्या टेबलावरच्या जाणत्याला हाक मारताना एक अडचण असते: त्याने तो बोर्ड अजून खेळलेला नसतो. त्याला फक्त 'अपुऱ्या बोलीचा नियम वाचायला ये' एवढंच सांगा. पत्ते, बोली, कोण चुकलं, काही नाही. एखाद्याने दारातूनच 'अरे, सहा बदाम लागतात इथे' असं ओरडलं की एका वादाचे दोन होतात.

कोणते वाद जागीच मिटतात आणि कोणते नाहीत?

बाकी सगळं या एका फरकावर उभं आहे. काही चुकांची दुरुस्ती यांत्रिक आहे: चुकीच्या हाताने लीड (सुरुवातीचा पत्ता), अपुरी बोली (आधीच्या बोलीच्या वर न जाणारी), उघडा पडलेला पत्ता, रिव्होक. पुस्तक वाचा, निवड करा, पुढे चला. दोन-तीन मिनिटांचं काम.

काही चुकांमध्ये मात्र मत बनवावं लागतं: जोडीदाराच्या रेंगाळण्याचा फायदा घेतला का, चुकीच्या स्पष्टीकरणाने नुकसान झालं का, क्लेममध्ये ('उरलेले हात माझे' असं सांगून खेळ थांबवण्यात) किती हात (चार पत्त्यांच्या फेऱ्या) द्यायचे. हे चार खेळाडूंनी टेबलावर ठरवायचं नसतं, कारण चौघेही पक्षकार आहेत. बोर्ड पूर्ण खेळा, नोंद करा, पुढचा बोर्ड घ्या. रात्री अकराला 'तू चार बदाम कसं बोललास' यावर वीस मिनिटं घालवली की पुढचे चार बोर्डही बिघडतात.

अपुरी बोली झाली तर?

समजा पश्चिमेने '१ इस्पिक' म्हटलं आणि उत्तरेने त्यावर '१ बदाम' ठेवलं. पहिला प्रश्न: बोलीच्या कार्डांच्या बॉक्समधून चुकून भलतं कार्ड आलं का? तसं असेल तर जोडीदाराने बोली करेपर्यंत ते बदलता येतं, शिक्षा नाही. मात्र 'मला १ इस्पिक दिसलंच नाही' ही बोटांची चूक नव्हे. तिथे नियम २७ लागतो.

आता पहिला हक्क डावीकडच्या खेळाडूचा, म्हणजे पूर्वेचा. त्याला ती अपुरी बोली स्वीकारता येते, आणि मग तो त्यावर पुन्हा '१ इस्पिक'सुद्धा म्हणू शकतो. त्याने नाकारली तर उत्तरेने '२ बदाम' असं त्याच रंगात सर्वांत खालच्या पुरेशा पायरीवर जायचं, किंवा नियम २३ मधली तुल्य बोली करायची, म्हणजे जिचा अर्थ मागे घेतलेल्या बोलीसारखाच किंवा त्याहून नेमका आहे अशी. मग बोली नेहमीसारखी पुढे जाते. दुसरी कुठलीही पुरेशी बोली किंवा पास चालतो, पण मग दक्षिणेला बोली संपेपर्यंत पासच करावा लागतो. तुल्य नसलेलं डबल (प्रतिस्पर्ध्यांच्या करारावरचे गुण वाढवणारी बोली) करता येत नाही.

सर्वांत जास्त घोळ इथे होतो: चूक कळताच उत्तरेचा खेळाडू घाईने कार्ड बदलतो. तरीही पूर्वेचा मूळ बोली स्वीकारण्याचा हक्क जात नाही. त्याने ती नाकारली तर घाईने ठेवलेली बोली उत्तरेला चिकटते.

लीड चुकीच्या बाजूने आला तर?

पत्ता पालथा असेल तर परत घ्या, काही बिघडत नाही. लीड पालथा ठेवून 'माझाच ना?' विचारण्याची सवय त्यासाठीच आहे. सुलटा पडला असेल तर डिक्लेअररला (बोलीत ठरलेला करार खेळून पुरा करायचा आहे त्याला) पाच पर्याय आहेत. स्वतःचे पत्ते उघडून डमी (पत्ते टेबलावर उघडे ठेवणारा जोडीदार) व्हायचं आणि खेळ जोडीदाराकडे द्यायचा. किंवा लीड स्वीकारून डमी उघडायला सांगायची आणि दुसरा पत्ता आपल्या हातातून खेळायचा. किंवा लीड नाकारायचा. नाकारला तर तो पत्ता मोठा दंडपत्ता (पुढच्या प्रश्नात पाहा) म्हणून टेबलावर येतो आणि आणखी तीन वाटा उघडतात: योग्य डिफेंडरला (डिक्लेअररच्या विरुद्ध बाजूच्या खेळाडूला) त्याच रंगाचा लीड करायला लावणं, त्या रंगाला मनाई करणं, किंवा काहीही खेळू देऊन पत्ता टेबलावरच ठेवणं. लीड मागितला किंवा मना केला तर पत्ता मालकाच्या हातात परत जातो, आणि मनाई डिफेंडरकडे लीड असेपर्यंत टिकते.

डमीने घाईने पत्ते पसरले आणि डिक्लेअररला ते दिसू शकले असतील, तर हे सगळे पर्याय गेले. लीड स्वीकारावाच लागतो.

डिफेंडरचा पत्ता सांडला. प्रत्येक वेळी दंड का?

दोन प्रकार आहेत. दश्शीच्या खालचा एकच पत्ता चुकून उघडा पडला तर तो लहान दंडपत्ता. मालकाने त्या रंगात छोटा पत्ता खेळायचा असेल तर तोच आधी खेळायचा; त्याऐवजी त्या रंगातला एक्का, राजा, राणी, गुलाम किंवा दश्शी खेळता येते. जोडीदारावर लीडचं बंधन नाही. पत्ता मोठा असेल किंवा मुद्दाम खेळला गेला असेल, उदाहरणार्थ पाळी नसताना, तर तो मोठा दंडपत्ता. पहिल्या कायदेशीर संधीला तो पडलाच पाहिजे. जोडीदाराच्या हातात लीड आला की डिक्लेअररला वरचेच तीन पर्याय मिळतात.

डिक्लेअररचे सांडलेले पत्ते दंडपत्ते होत नाहीत. हे अन्यायाचं वाटतं, पण कारण साधं आहे: त्याच्या जोडीदाराला, म्हणजे डमीला, त्या माहितीचा उपयोगच नाही.

रिव्होक: एक हात की दोन?

आधी रिव्होक पक्का झाला का ते पाहा. चुकणाऱ्याने किंवा त्याच्या जोडीदाराने पुढच्या हातात पत्ता टाकला, किंवा क्लेम केला वा मान्य केला, की तो पक्का. त्याआधी लक्षात आलं तर दुरुस्ती करावीच लागते. डिफेंडरचा चुकीचा पत्ता मग दंडपत्ता होतो, डिक्लेअररचा नाही. नंतर पत्ता टाकलेल्या निरपराध खेळाडूला आपला पत्ता बदलता येतो.

पक्का झाला असेल तर डाव संपेपर्यंत खेळा आणि मग मोजा. रिव्होकचा हात खुद्द चुकणाऱ्याच्या पत्त्याने जिंकला असेल, तर तो हात आणि त्यानंतर त्या बाजूला मिळालेल्यांपैकी एक, असे दोन जातात. त्याने जिंकला नसेल, पण त्याच्या बाजूने तो हात किंवा नंतरचा कोणताही हात घेतला असेल, तर एक. रिव्होकच्या आधी घेतलेले हात सुरक्षित. यात लोक हमखास चुकतात आणि सुरुवातीला वाजवलेला एक्कासुद्धा मोजतात.

उदाहरण: करार ४ बदाम. डिफेंडरने हातात चौकट असताना चौकटीवर हुकूम मारला आणि हात घेतला. पुढे डिफेन्सला आणखी हात मिळाले. शेवटी डिफेन्सचे ५, डिक्लेअररचे ८. दोन हात फिरले की ३ आणि १०, म्हणजे करार पुरा. तोच हात हुकूम मारणाऱ्याच्या जोडीदाराने वरचा हुकूम टाकून जिंकला असता, तर एकच फिरला असता.

'त्याने नंतर त्याच चौकटीने हात घेतला, म्हणून दोन' असं कोणी म्हणालं तर तो १९९७ चं पुस्तक बोलतोय. २००७ पासून तो भाग गेला.

आपोआप दंड लागत नाही तो केव्हा? बाराव्या हाताला (तिथे फक्त दुरुस्ती होते), त्याच खेळाडूचा त्याच रंगात दुसरा रिव्होक असेल तर, डमीच्या पत्त्यांतून झाला असेल तर, दोन्ही बाजूंनी रिव्होक केला असेल तर, आणि निरपराध बाजूने पुढच्या बोर्डावर बोली केल्यानंतर लक्षात आलं तर. मात्र आपोआप दंड नसला किंवा अपुरा असला तरी रिव्होकमुळे झालेलं खरं नुकसान नियम ६४ खाली भरून द्यावंच लागतं. ती मोजणी मताची आहे, म्हणून तिची नोंद करा.

डमीने काय बोलावं?

डिक्लेअररला 'चौकट नाही?' एवढं विचारावं, किंवा तो चुकीच्या हातून लीड करायला निघाला तर आधीच थांबवावं. चूक होऊन गेल्यावर ती डमीने पहिल्यांदा दाखवायची नसते. डाव संपला की मग बोलावं. डिफेंडरला 'तुमच्याकडे नाही?' असं विचारणं डमीचं काम नाही.

क्लेमवर वाद झाला. पुढे खेळून पाहायचं का?

क्लेम झाला की खेळ थांबतो. २०१७ पासून एक वाट आहे: क्लेम न करणाऱ्या बाजूने मागणी केली आणि चौघेही राजी झाले, तर पुढे खेळता येतं. मग क्लेम रद्द होतो आणि जे हात होतील तेच खरे. डायरेक्टर नसताना ही वाट मोहात पाडते, पण क्लेम करणाऱ्याने बाहेर राहिलेला हुकूम विसरला आहे असा संशय असेल तर ती घेऊ नका. तुमच्या हरकतीनेच तो जागा झालेला असतो.

चौघांचे उरलेले पत्ते सुलटे ठेवा आणि क्लेम करताना उच्चारलेलं वाक्य तंतोतंत लिहा. समजा हुकूम इस्पिक, तीन पत्ते उरलेत. डिक्लेअररच्या हातात इस्पिकचा राजा, बदामचा एक्का आणि चौकटचा एक्का, लीड त्याचाच. तो म्हणतो, 'सगळे माझे.' एका डिफेंडरकडे इस्पिकची दुर्री आणि दोन किलवर आहेत. हुकमाचा उल्लेख झाला नाही, तो विसरला असण्याची शक्यता आहे, आणि लाल एक्का आधी वाजवणं हा निष्काळजी पण साधा खेळ आहे. म्हणून दुर्रीचा एक हात डिफेन्सला. 'हुकूम काढून सगळे माझे' म्हटलं असतं तर तिन्ही त्याचे.

शंका क्लेम करणाऱ्याच्या विरुद्ध सुटते, हे सूत्र. पण त्याने मूर्खासारखं खेळावं अशी कल्पना करून हात मागू नयेत. आणि राणी कोणाकडे आहे हे क्लेममध्ये सांगितलं नसेल, तर पत्ते उघडे पाहून 'मी तिलाच धरलं असतं' हे चालत नाही.

समोरचा खूप वेळ थांबला आणि जोडीदाराने बोली केली. आक्षेप कसा घ्यायचा?

विचार करणं हा गुन्हा नाही. जोडीदाराने त्या विचाराचा उपयोग करणं हा आहे. एका बाजूची बोली पाहा: १ बदाम, मध्ये प्रतिस्पर्ध्याचं १ इस्पिक, मग २ बदाम, प्रतिस्पर्ध्याचं ३ इस्पिक. आता १ बदाम बोलणारा बराच वेळ थांबतो आणि पास करतो. पुढेही पास, आणि २ बदाम बोललेला सात पॉइंटांवर ४ बदाम ठेवतो.

तेव्हाच, आवाज न चढवता, एवढंच विचारा: 'पास करायला वेळ लागला, मान्य?' मान्य असेल तर खेळा. नसेल तर चौघांच्या आठवणी तिथेच लिहून घ्या. उद्या सकाळी पंचवीस सेकंदांचे एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला चाळीस झालेले असतात. डाव संपला आणि नुकसान वाटलं तर नोंद करा. आरोप नको, 'तू बघून बोललास' तर नकोच.

निवाडा असा होतो. त्याच दर्जाच्या चार-पाच खेळाडूंना फक्त ते पत्ते आणि बोली द्यायची. थांबण्याचा उल्लेख करायचा नाही. काय बोलाल आणि आणखी काय विचारात घेतलंत, हे विचारायचं. काही जण पास करत असतील तर पास हा खरा पर्याय ठरतो. मग थांबण्याने ४ बदामकडे बोट दाखवलं होतं का, हा पुढचा प्रश्न. दोन्ही उत्तरं 'हो' असतील आणि नुकसानही झालं असेल, तर स्कोअर ३ इस्पिकवर काय झालं असतं त्याप्रमाणे बदलतो.

जोडीदाराने माझ्या बोलीचा चुकीचा अर्थ सांगितला. लगेच सांगू का?

नाही. चेहराही बदलू नका. डिक्लेअररच्या बाजूचे असाल तर शेवटच्या पासनंतर आणि लीडच्या आधी सांगायचं. प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटी पास केलेल्याला आपला पास बदलता येईल का, हे तेव्हाच पाहायचं, कारण लीड सुलटा झाला की बोलीचा काळ संपतो. डिफेंडर असाल तर डाव संपेपर्यंत गप्प.

स्पष्टीकरण चुकलं की बोलीच चुकली, हे ठरवायला लिखित पुरावा लागतो. पुरावा नसेल तर स्पष्टीकरण चुकलं असं धरलं जातं. घरगुती सामन्यालाही कन्व्हेन्शन कार्ड (जोडीच्या बोलींचे ठरलेले अर्थ लिहिलेलं पत्रक) आणावं ते यासाठी.

एकाकडे १४ पत्ते निघाले.

पत्ते न पाहता तेरा मोजण्याचा कंटाळा केला की हे होतं. बोलीत निघालं तर थांबा आणि कोणी कुणाचा पत्ता पाहिला ते विचारा. कोणी पाहिला नसेल आणि कोणाची बोली बदलत नसेल, तर पत्ते सारखे करून खेळता येईल. अन्यथा तो बोर्ड रद्द करून नवा वाटा आणि दोन्ही टेबलांवर खेळा, पण स्कोअर जुळवण्याआधीच. उरलेल्या सामन्याचा निकाल कळलेला असताना नवा बोर्ड वाटता येत नाही.

'जाऊ द्या हो, खेळा' म्हटलं तर काय बिघडतं?

तुमचं कदाचित काहीच नाही. पण आतल्या खोलीत तुमचे दोन जोडीदार तोच बोर्ड घाम गाळून खेळतायत, त्यांचे इम्प (दोन टेबलांच्या स्कोअरमधल्या फरकाचे गुण) तुम्ही वाटून टाकता. शिवाय पहिल्या बोर्डावर माफ केलेली चूक विसाव्या बोर्डावर उलट बाजूने झाली की 'तेव्हा आम्ही सोडलं होतं' सुरू होतं.

वादाचा बोर्ड बाकी असताना सामना कोणी जिंकला ते कसं ठरवायचं?

दोन्ही प्रकारे स्कोअर मांडा. समजा दुसऱ्या टेबलावर ४ इस्पिक झाले, व्हल्नरेबल (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त), ६२०. तुमच्या टेबलावर वाद एका हाताचा: ६२० किंवा उणे १००. फरक ० किंवा ७२०, म्हणजे ० किंवा १२ इम्प. त्या बोर्डाशिवाय एक संघ १५ ने पुढे असेल तर निकाल कसाही लागो, विजेता तोच. बाद फेरीत वाद तिथेच संपतो, जाणकाराची झोपमोड नको. साखळी सामन्यात व्हिक्टरी पॉइंट (किती इम्पने जिंकलं त्यानुसार मिळणारे गुण) मोजले जातात, तिथे निवाडा लागेलच.

जाणकाराला काय पाठवायचं?

एकच मजकूर, दोन्ही कॅप्टनांनी वाचलेला. बोर्ड क्रमांक, डीलर, व्हल्नरेबिलिटी, चारही हातांचे पत्ते, पूर्ण बोली, लीड, निकाल, आणि वादाचा मुद्दा दोन ओळींत. घटनेबद्दल मतभेद असेल तर दोन्ही बाजू वेगळ्या लिहा: 'उत्तर-दक्षिण म्हणतात २५ सेकंद, पूर्व-पश्चिम म्हणतात ५.' संघांची नावं देऊ नका, सामन्याचा स्कोअर तर मुळीच नको. कोणीही त्याला वेगळा फोन करायचा नाही, 'फक्त एवढंच सांगतो' म्हणूनही नाही.

निवाडा पटला नाही तर?

ठरलेल्या मुदतीत आयोजकांकडे अपील करता येतं, कॅप्टनच्या संमतीने. यांत्रिक दुरुस्तीत नियम चुकीचा वाचला गेला असेल तर अपीलची वाटही पाहू नका. कलम दाखवा, जाणकार स्वतःच निकाल दुरुस्त करतो. मताच्या निवाड्यावर अपील करायचं असेल, तर पहिल्यांदा सांगितलं नव्हतं असं काही हाताशी आहे का ते आधी पाहा.